‘पेण’ बिघडते, ‘रोहा’ तरते

पनवेलहून रेल्वेने दक्षिणेस निघाले की आधी पेण लागते, मग रोहा. स्थानकांच्या फलकांवर ही नावे रोमन लिपीतही आहेत. इंग्रजी वळणाचा वाचक ‘रोहा’ बहुतांशी बरोबर वाचतो. पेणची मात्र तो लेखणी करून टाकतो. णकार इंग्रजीत नाही, हे खरे. परंतु त्याचा एकारही आपल्याहून आखूड असतो. असे का व्हावे?

मराठीत स्वराची लांबी स्वरावरच लिहिलेली असते. शब्द वाढला की स्वर आखडतो, जसे मीठ पण मिठागर. तरी तो बदल वेलांटीत दिसतो. इंग्रजीत मात्र लांबी पुढच्या अक्षरांवरून ओळखावी लागते. एका व्यंजनावर शब्द मिटला, तर स्वर ह्रस्व. त्या व्यंजनानंतर पुन्हा स्वर आला, तर बहुधा दीर्घ. ‘रोहा’त हकारानंतर स्वर आहे, म्हणून ओकार लांबतो. ‘पेण’ व्यंजनावर संपते, म्हणून एकार आखडतो.

शब्दाच्या शेवटचा मुका ‘ई’ हेच काम करतो. एच-ओ-पी म्हणजे हॉप. त्यास ई जोडला की होप. हा ई एके काळी बोलका होता. सुमारे सहाशे वर्षांपूर्वी ‘नेम’ हा शब्द ‘नाम’च्या पुष्कळ जवळ उच्चारला जाई, आणि आपल्या ‘नाम’शी त्याचे नातेही आहे. पुढे दीर्घ स्वरांचे उच्चार सरकत गेले. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, त्यानंतर स्पेलिंग हळूहळू जुन्या उच्चारांवरच स्थिरावले.

व्यंजन दुहेरी झाले की स्वर पुन्हा ह्रस्व. जीएसटी विवरणपत्राचे ‘फाइलिंग’ एका ‘एल’ने होते, दोन पडले की ते ‘फिलिंग’, म्हणजे भरणे. हा जादा ‘एल’ फलकांवर पुष्कळदा दिसतो. मराठीत आपण रिटर्न ‘भरतो’, म्हणून तो खटकतही नसावा!

आपली खरी अडचण एकाराची. मराठीच्या छंदशास्त्रात ए आणि ओ सदैव गुरू. त्यामुळे विकणे आणि विक्री ही दोन्ही आपल्या तोंडी ‘सेल’, कर्ज आणि तारीख ही दोन्ही ‘डेट’. बँकेच्या नोकरीत या दुसऱ्या जोडीशी माझी रोजच गाठ पडे. दूरध्वनीवर संदर्भानेच निभावून न्यावे लागे. वस्तुतः ह्रस्व स्वर आपल्या कानांस परके नाहीत. प्राकृतात जोडाक्षरापूर्वीचे ए आणि ओ ह्रस्व मानतात. ‘णमोक्कार’मधील ‘मो’ तसाच आहे. दुहेरी व्यंजनापूर्वी स्वर आखडतो, हा तर ‘फिलिंग’चाच नियम झाला.

नातवंडांकडून एकेक स्पेलिंग घोकून घेण्याऐवजी जोड्या मोठ्याने वाचून घ्याव्यात: प्लॅन-प्लेन, रॅट-रेट, बिट-बाइट. ‘हॅव’ आणि ‘गिव्ह’ नियम मोडतात, असे मुले लगेच दाखवून देतील. त्यांतील ई स्वरासाठी नाहीच; ‘व्ही’ अक्षरावर शब्द संपवण्याची रीत इंग्रजीत नाही, म्हणून तो तेथे ठेवलेला आहे.