घर आवरताना माळ्यापासून सुरुवात करू नका

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी आवराआवर सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी ती माळ्यापासून सुरू होते. दोन दिवस माळा उपसायचा, तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसायचे आणि उरलेले घर पुढच्या दिवाळीवर ढकलायचे! माझे मत वेगळे आहे. माळ्यावरच्या पितळी भांड्यांमुळे आजारी पडलेला रुग्ण मी पाहिलेला नाही. जमिनीवरच्या पसाऱ्यामुळे पडलेले आणि औषधांच्या डब्यातल्या गोंधळामुळे त्रास झालेले रुग्ण मात्र नेहमी येतात. म्हणून घर कसे दिसते यापेक्षा घरातल्या कशामुळे इजा होऊ शकते, हे पाहून आवरण्याचा क्रम ठरवावा.

१. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट

घरात वयस्कर माणूस असेल तर पहिला दिवस या वाटेसाठी द्या. रात्री लघवीसाठी झटकन उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ही शक्यता वाढते. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झालेली असते, मोतीबिंदूमुळे अंधारात नीट दिसत नाही. अशा वेळी सरकणारे पायपुसणे, चार्जरची वायर किंवा वाटेतले स्टूल पुरेसे होते. उतारवयात हाडे ठिसूळ असतात. खुब्याचे हाड मोडले की ऑपरेशन, मग अंथरूण, त्यातून न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताची गुठळी, अशी मालिका सुरू होऊ शकते. काहींना पुन्हा आधाराशिवाय चालता येत नाही. एवढे सगळे एका पायपुसण्यापायी!

वाट मोकळी करा, वायरी भिंतीलगत न्या, रात्री छोटा दिवा चालू ठेवा. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर ठेवा, म्हणजे वाकावे किंवा चढावे लागणार नाही.

२. औषधांचा डबा

सगळ्या पट्ट्या टेबलावर ओता आणि चालू प्रिस्क्रिप्शन शेजारी ठेवा. एकच औषध दोन कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी घरात असते आणि रुग्ण दोन्ही घेत राहतो. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा दुप्पट झाल्या तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतेच. त्यावर तापाची वेगळी गोळी घेतली की डोस नकळत वाढतो. शंका आली तर पट्ट्याच घेऊन डॉक्टरांकडे या. मनाने औषध बंद करू नका.

मुदत संपलेली औषधे, उरलेली अँटिबायोटिक्स आणि उघडून महिना उलटलेले डोळ्यांचे थेंब बाजूला काढा. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदतबाह्य औषधे आणि वापरलेल्या सुया यांना घरगुती घातक कचरा म्हटले होते. तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्यायचा असतो. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून द्या. कचरा उचलणाऱ्याच्या हातात त्या घुसू नयेत.

३. गॅलरी आणि गच्ची

जुने टायर, फुटक्या बादल्या, रिकाम्या कुंड्या 'कधीतरी लागतील' म्हणून ठेवलेल्या असतात. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो. पाणी आटले तरी ती अंडी काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही. भंगार भंगारवाल्याला द्या. जे ठेवायचेच आहे ते घासून, कोरडे करून पालथे ठेवा.

४. गाद्या आणि कपड्यांची गाठोडी

गाद्या-उशांमधले धुळीतले सूक्ष्म किडे दमा आणि ॲलर्जी वाढवतात. चादरी, अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा. पलंगाखालची न लागणारी गाठोडी देऊन टाका. दम्याच्या रुग्णाने झटकाझटकीच्या वेळी त्या खोलीत थांबू नये. इतरांनीही मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावे.

माळा सगळ्यात शेवटी. तोही डगमगत्या स्टुलावर चढून नव्हे, तर पक्की शिडी आणि ती धरायला एक माणूस असेल तेव्हाच. साठीनंतर हे काम दुसऱ्याकडे सोपवा.

एक गोष्ट मात्र जपा. आजी-आजोबांच्या वस्तू त्यांना न विचारता हलवू नका. विसरभोळेपणा सुरू झालेल्या माणसाला चष्मा, काठी, औषधे ठरलेल्या जागी असण्याचाच आधार असतो. आयुष्यभर टापटीप राहिलेली व्यक्ती अचानक रद्दी, पिशव्या, शिळे अन्न साठवू लागली तर तिच्यावर चिडू नका. त्यामागे नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश असू शकतो, म्हणून तपासणी करून घ्या.

चार रविवार, रोज एक तास आणि वरचा क्रम, एवढे नियोजन पुरे. येत्या रविवारी पायपुसण्यापासून सुरुवात करा.