पहाटेची वाट आणि तिथीची पाऊणपट

व्यापारी माणसाच्या दिवसाचा ताळेबंद मांडला, तर शरीराच्या खात्यावर फारच थोडे जमा झालेले दिसते. सकाळी दुकानाचे शटर वर जाते आणि रात्री ते खाली येईपर्यंत गादी, गल्ला, फोन आणि गिऱ्हाईक यांतून उसंत मिळत नाही. मालाची चढउतार हमाल करतात, वसुलीला दुचाकी असते आणि घर बहुधा दुकानाच्याच माडीवर असते. घरातील स्त्रियांची पायपीट स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यातच संपते. मग चाळिशीत साखर वाढते, पन्नाशीत गुडघे कुरकुरतात, आणि ज्याच्या जिवावर पेढी चालते तोच अंथरुणाला खिळतो. या दिनक्रमात आपली म्हणावी अशी एकच वेळ उरते, ती पहाटेची. ती चालण्या-धावण्यास द्यावी, हे आता सर्वांना पटले आहे. प्रश्न राहतो तो कोठे धावावे, हा.

रत्नागिरीकराला हा प्रश्न पडावा, हे खरे तर नवल आहे. तरीही पुष्कळजण मालमोटारींच्या धुरात महामार्गाच्या कडेने चालतात, किंवा बंद खोलीतील यंत्रावर एकाच जागी धावतात. आपल्या पायाशी असलेल्या वाटा मात्र आपण विसरत चाललो आहोत.

या संदर्भात फ्रान्सचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या देशाच्या ग्रामीण भागात शेताच्या बांधावरून, द्राक्षमळ्यांच्या कडेने आणि रानांतून जाणाऱ्या पायवाटांचे मोठे जाळे आहे. 1947 पासून तेथील स्वयंसेवकांनी लांब पल्ल्याच्या वाटांवर झाडांना आणि दगडांना पांढरा व तांबडा असे दोन पट्टे रंगविण्यास आरंभ केला. ती खूण पाहत परका माणूसही न चुकता गावोगाव चालू वा धावू शकतो. ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावरची अशीच एक वाट दोन हजार किलोमीटरहून लांब आहे. तिचे जुने नाव ‘जकातदारांची वाट’. चोरटा माल उतरविणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी जकात खात्याचे पहारेकरी रात्रंदिवस ज्या कड्यांवरून फिरत, तीच ही वाट. पुढे पहारा थांबला आणि वाट झुडपांत बुजली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावच्या लोकांनी ती पुन्हा मोकळी केली. शिवाय 1983 च्या एका कायद्याने तेथील जिल्ह्यांकडे अशा वाटांची नोंद ठेवण्याचे काम आले. नोंदीतील गाववाट विकायची झाल्यास तिच्या बदली दुसरी योग्य वाट द्यावी लागते.

कोकणालाही असे जाळे पूर्वीपासून लाभले आहे. त्याचे नाव पाखाडी. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, वर आंब्या-फणसांची सावली, आणि वाडीवरून वाडीकडे उतरत जाणारी ती अरुंद वाट. मोटाररस्ते होण्यापूर्वी मीठमिरचीपासून कापडापर्यंतचा सारा माल बंदरात उतरे आणि डोक्यावरून अशाच वाटांनी गावात पोहोचे. कोकणातील व्यापार या पायऱ्यांवरून चढला, असे म्हटले तरी चालेल.

आता प्रत्यक्ष मार्गांकडे वळू. नवशिक्याने आरंभ भाट्याच्या पुळणीपासून करावा. शहरातून पुलावरून काजळीची खाडी ओलांडली की ही सरळ, सुमारे दीड किलोमीटर लांबीची पुळण लागते. मागे सुरूचे बन आहे. ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट असते व गुडघ्यांना सोसते. भरतीच्या वेळी मात्र कोरड्या, भुसभुशीत वाळूतून धावावे लागते आणि पोटऱ्या भरून येतात. म्हणून येथे घड्याळाच्या आधी पंचांग पाहावे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला वा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी त्याच्या सहा तास आधी, पहाटे पाचच्या सुमारास. तेव्हा पौर्णिमा आणि अमावास्येपासून तृतीयेपर्यंत पहाटेची पुळण रुंद व घट्ट मिळते. अष्टमीच्या आसपास पुळणीचा नाद सोडून दुसरी वाट धरावी. आपल्या घरांतून तिथी सर्वांच्या तोंडी असतात, त्यामुळे हा हिशेब आपल्याला जड जाऊ नये.

दम वाढला की रत्नदुर्गाची चढण घ्यावी. मांडवीच्या बाजूने निघून किल्ल्यावरील भगवती मंदिरापर्यंत जाता येते. तीन बाजूंनी समुद्र असलेला हा किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे. चढताना धावावे आणि उतरताना चालावे, कारण गुडघ्यांची झीज उतारावर अधिक होते. ज्यांना चढण नको, त्यांनी थिबा राजवाड्याच्या परिसरातून थिबा पॉइंटपर्यंत फेरी मारावी. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी 1910 च्या सुमारास बांधलेल्या या वाड्याजवळून खाडी आणि भाट्याचा पूल यांचे विस्तीर्ण दृश्य दिसते.

तिसरा मार्ग गणपतीपुळ्याकडे जाणारा आरे-वारेचा सागरी रस्ता. डोंगराच्या कुशीतून वळणे घेत तो जातो आणि खाली समुद्र सतत सोबत असतो. सौंदर्यात त्याला तोड नाही, पण धोकाही याच मार्गावर अधिक आहे. पदपथ नाही, वळणे आंधळी आहेत आणि सुटीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या वेगाने येतात. म्हणून हा मार्ग कामाच्या दिवशी, उजाडल्यानंतर घ्यावा. समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने धावावे, फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि कानात गाणी लावू नयेत. जोडीने जावे. सासू-सून वा नणंद-भावजय अशा जोड्या निघाल्या, तर घरातील कुरबुरीही वाटेतच उतरतील.

चौथी वाट पाखाड्यांची आणि सड्याची. पाखाडीने वर चढले की जांभ्याचा मोकळा कातळ लागतो. पावसाळा सरताना त्यावर रानफुलांचे गालिचे पसरतात. उक्षी गावच्या सड्यावर प्राचीन माणसाने कोरलेला भव्य हत्ती आहे. कोकणातील अशा कातळशिल्पांचा समावेश 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. तेथे धाव थांबवावी आणि रेषांवर पाऊल पडू देऊ नये. सड्यावर व गडग्यांच्या फटींत फुरसे असते, हे रत्नागिरीकरास सांगणे न लगे. यासाठी अंधारात या वाटेने जाऊ नये, पायात बंद बूट असावेत आणि बसण्यापूर्वी दगड नीट पाहून घ्यावा.

ऋतूचा विचारही करावा लागतो. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनपासून पाखाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ चढते, तेव्हा तेथे धावणे म्हणजे हाड मोडून घेणे होय. पावसाळी समुद्रही पुळणीवर अंतर राखूनच पाहावा. त्या चार महिन्यांत शहरातील सपाट रस्त्यावर चालणे पुरेसे आहे. शिवाय पहिल्या पावसानंतर बेडूक, वाणी आणि खेकडे रस्त्यावर येतात. चालणारा पाहून पाऊल टाकू शकतो, धावणाऱ्यास ते जमत नाही.

चौविहार पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सूर्यास्तापासून पाणी बंद, आणि नवकारशी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी. म्हणजे बारा तासांहून अधिक काळ शरीरात पाणी गेलेले नसते, आणि आपल्या दमट हवेत घाम तर धारांनी येतो. अशा स्थितीत पहाटे केवळ संथ चालावे. धावायचेच असेल तर पच्चक्खाण पारून, पाणी पिऊन निघावे. उपवासाच्या दिवशी विश्रांती घ्यावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून उपाशीपोटी धावू नये.

शेवटी या वाटांविषयी. घरे कुलूपबंद करून माणसे मुंबईला गेली, त्या वाड्यांच्या पाखाड्या आज रानाने गिळल्या आहेत. काहींवर काँक्रीट पडले, तर काही कुंपणांच्या आत गेल्या. फ्रान्समधील जकातदारांची वाट लोकांनी वापरात आणली म्हणून वाचली. आपल्यालाही ते अशक्य नाही. दिवाळीच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर, गावकऱ्यांच्या संमतीने एखाद्या पाखाडीची बेणणी करण्यास अर्धा रविवार पुरतो. दहा-बारा कुटुंबांनी मिळून मूळ गावातील एकेक वाट हाती घ्यावी, आणि ती गावनकाशावर आहे की नाही हे पाहून ग्रामसभेत तिचा विषय काढावा. साफ केलेल्या वाटेवर महिन्यातून दोनदा तरी मुलांना घेऊन जावे, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर बेणणीचे काम निम्मे उरेल.

येत्या पौर्णिमेस पहाटे पाचला ओहोटी असेल. भाट्याची पुळण तेव्हा रिकामी असते, आणि दुकान उघडण्यास अजून चार तास अवकाश असतो.