दुसरें यंत्र घ्यावें कीं नाहीं?

शाळेच्या वार्षिकांतील मराठी विभागांत बहुधा प्रवासवर्णनें, थोरांचीं चरित्रें व सुबोध निबंध येत असतात. आज मी वाचकांपुढें एक घरगुती प्रश्न मांडणार आहें. ज्या घरांत ऐकूं कमी येणारें मूल किंवा वृद्ध मनुष्य आहे, त्या घरांत तो केव्हां ना केव्हां उठतोच. कानाला श्रवणयंत्र लावलेलें असतांना त्याच्या जोडीला निघालेलें नवें साधन वापरून पाहावें, कीं जें आहे त्यावरच संतोष मानावा?

हा प्रश्न मला प्रथम आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं विचारला. मुलगा सातवींत, दोन्ही कानांमागें यंत्रें, नेहमीं पहिल्या बाकावर बसणारा. “सर, तुम्ही स्वतः मशीन लावतां म्हणून विचारतों,” ते म्हणाले. “एक असतां दुसरें कशाला? पहिलें वायां गेलें असें समजायचें काय?” या बोलण्यांत खर्चाची चिंता होती, तशीच एक जुनी चुटपुटही होती. पूर्वीं एका दुकानदारानें कानाची नीट तपासणी न करतांच त्यांस एक यंत्र विकलें होतें, व तें कपाटांत पडून राहिलें होतें. दुधानें तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, यांत त्याचा दोष नाहीं.

मजजवळही तयार उत्तर नव्हतें. कारण यंत्र लावूनही मी फसतों, हें साऱ्या वर्गास ठाऊक होतें. इतिहासाच्या तासाला मागील बाकावरून एका मुलानें विचारलें, “सर, पानिपत केव्हां झालें?” मला ऐकूं आलें तें “पाणी केव्हां आलें?” आपल्या शहरांत हा प्रश्न अस्वाभाविक नाहीं, म्हणून मीं गंभीरपणें सांगितलें, “आज नाहीं, परवां यायचें आहे.” वर्ग खो खो हंसला, व मीही हंसलों. पहिल्या बाकावरचा तो मुलगा मात्र हंसला नाहीं. तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या पाहण्यांतील अर्थ मला कळला.

आतां मूळ विषयाकडे वळूं. श्रवणयंत्राचा मायक्रोफोन कानाजवळ असतो. जो आवाज तेथपर्यंत येईल तोच तें वाढवूं शकतें. सन १९९६ पासून पूर्णतः डिजिटल यंत्रें बाजारांत आलीं, व तीं बोलणें आणि गोंगाट यांची बरीच निवड करतात. परंतु अंतरापुढें त्यांचाही इलाज थोडा चालतो. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें म्हणजे आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. शिक्षकापासून एक मीटरवर जो आवाज आहे, तो चार मीटरांवर १२ डेसिबलनें क्षीण होतो. पंख्याची घरघर, बाकांची खरखर व रस्त्यावरील भोंगे मात्र जसेच्या तसे राहतात. ऐकूं कमी येणाऱ्या मुलापर्यंत शिक्षकाचा आवाज गोंगाटाहून निदान १५ डेसिबलनें वर पोंचावा, असें तज्ज्ञ सांगतात. आमच्यासारख्या जुन्या शाळेंत छत उंच आणि भिंती दगडी. तेथें प्रत्येक शब्दामागें त्याचा प्रतिध्वनि धांवतो. अशा ठिकाणीं आवाज वाढविला तर घोटाळाही वाढतो.

या अडचणीवरील एक उपाय आमच्या विद्यार्थ्यांनीं सहलीला जाऊन पाहिलेला आहे. पाणचक्कीचें पाणी दूरच्या डोंगराकडील झऱ्यापासून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणलेलें आहे. तेंच पाणी उघड्या ओढ्यानें आलें असतें, तर वाटेंत मुरलें असतें व गढूळ झालें असतें. नवें साधन हेंच करतें. शिक्षकाच्या गळ्यापाशीं एक लहान मायक्रोफोन अडकवावयाचा. तो शब्द उगमापाशींच उचलतो आणि बिनतारी मार्गानें थेट विद्यार्थ्याच्या यंत्रांत पोंचवितो. तेव्हां “पहिलें वायां गेलें काय?” या प्रश्नाचें उत्तर सरळ आहे. पहिलें यंत्र वायां गेलेलें नाहीं. दुसरें त्याच्याच आधारानें चालतें. चक्की नसेल तर नळाचा उपयोग काय?

एवढ्यावरून “लगेच विकत घ्या” असें मी म्हणणार नाहीं. माझें मत असें कीं साधन वापरून अवश्य पाहावें. परंतु वापरून पाहणें निराळें आणि विकत घेणें निराळें. आम्हीं प्रथम असलेल्या यंत्राचीच तपासणी करविली. वाढत्या वयाच्या मुलाचा कान वाढतो, आणि कानांत बसविलेला सांचा सैल होतो, नळींत मळ साचतो, बॅटरी उतरते. दोष तेथें असेल तर हजारों रुपयांचें नवें साधन आणूनही तो जाणार नाहीं. नंतर मुलानें आठ दिवस एका वहींत टिपून ठेविलें कीं कोठें, कोणाचें व केव्हां ऐकूं येत नाहीं. मग एका श्रवणतज्ज्ञाकडून तें साधन आठवडाभर मागून आणलें व वर्गांतच लावून पाहिलें. कारण तज्ज्ञाच्या निवांत खोलींत सर्वच साधनें गोड वाटतात.

रोज मीं फळ्याकडे तोंड करून दहा वाक्यें नव्या साधनासह व दहा त्यावांचून सांगितलीं, आणि मुलानें तीं लिहून घेतलीं. वडिलांनीं वही उघडतांच फरक त्यांच्या डोळ्यांस दिसला. पण उणिवाही दिसल्या. मैदानावर तें निरुपयोगी ठरलें. चार मुलें मिळून चर्चा करूं लागलीं म्हणजे तें केवळ ज्याच्या गळ्यांत आहे त्याचेंच ऐकवी. एकदां तें बंद करण्याचें विसरून मी शिक्षकांच्या खोलींत गेलों, आणि तेथील चहाच्या गप्पा आमच्या विद्यार्थ्यानें वर्गांत बसून ऐकल्या! शिवाय प्रत्येक तासाला उठून तें नव्या शिक्षकाच्या हातीं देण्याची त्याला लाज वाटे. शेवटीं वर्गनायकानें तें काम आपण होऊन पत्करलें.

निर्णय झाला तो मुलाच्या एका वाक्यानें. “सर, आतां घरीं गेल्यावर डोकें दुखत नाहीं,” तो म्हणाला. दिवसभर अर्धवट शब्द जुळवीत बसण्याचा शीण केवढा असतो, हें चांगलें ऐकूं येणाऱ्यास समजत नाहीं. संध्याकाळीं अभ्यासाला न बसणारा मुलगा आळशी, असें त्या घरांत आजवर धरलें जात होतें. हें ऐकून त्याचे वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं साधन घेतलें.

मीं मात्र तें घेतलें नाहीं. वर्गांत बोलणारा मी स्वतःच. माझी अडचण चाळीस निरनिराळ्या तोंडांतून येणाऱ्या प्रश्नांची. त्यासाठीं मी मोबाईलवर बोलणें अक्षरांत उमटविणारी सोय वापरून पाहिली. गूगलनें २०१७ सालीं आपल्या आवाजी टंकलेखनांत मराठीची भर घातली, तेव्हांपासून ही सोय आपल्या भाषेंतही झाली आहे. पण आमचीं मुलें एकाच वाक्यांत मराठी, हिंदी व इंग्रजी मिसळतात, आणि तेथें यंत्र गोंधळतें. म्हणून वर्गांत मी साधा नियम केला: विचारणाऱ्यानें उभें राहावें, माझ्याकडे तोंड करावें व सावकाश बोलावें. त्यास एक पैही लागली नाहीं. एकच व्याधि, एकच वर्ग, तरी दोघांचा निर्णय भिन्न झाला; आणि दोन्ही बरोबर होते असें मला वाटतें.

कोणी म्हणतील, यंत्रांवर यंत्रें चढविल्यानें माणसें आपलें कर्तव्य विसरतील. या आक्षेपांत तथ्य आहे. मुंबईंत १८८५ च्या सुमारास बिशप म्यूरिन यांच्या पुढाकारानें मूकबधिर मुलांची शाळा निघाली, तेव्हां विजेचें श्रवणयंत्र नव्हतें. ओठ, डोळे, हात व शिक्षकाची चिकाटी हींच साधनें होतीं. त्यांची गरज आजही संपलेली नाहीं. ज्यांस यंत्राचा उपयोग होत नाहीं, त्यांस खुणांची भाषा हीच खरी भाषा आहे, व ती कमी प्रतीची नव्हे. परंतु यंत्राचा तिरस्कार हाही विवेक नव्हे. १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि पांचसहा वर्षांतच तो प्रथम श्रवणयंत्रांतून सामान्य माणसाच्या उपयोगीं पडला. त्यापूर्वींचीं यंत्रें व त्यांच्या जड बॅटऱ्या अंगावर वागवाव्या लागत. त्या काळीं सर्वांनींच “आहे तें बरें आहे” म्हटलें असतें, तर आजचें चिमुकलें यंत्र कोणाच्या कानीं लागलें असतें?

खर्चाच्या भीतीनें तपासणीच टाळूं नये, अशी पालकांस विनंती आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, ज्यास आपण घाटी म्हणतों, तेथें कान-नाक-घसा विभाग आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं मुलांची तपासणी होते. दिव्यांगांस साधनें देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालूं आहे. तिला उत्पन्नाची मर्यादा व चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. मुंबईंत वांद्रें येथें १९८३ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था अली यावर जंग यांच्या नांवानें चालते. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, आणि त्यापूर्वीं आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानांत होता, तेथील उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरु होते.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या बाकावरचा मित्र “काय?” म्हणून पुन्हां विचारील, तेव्हां “कांहीं नाहीं” असें म्हणूं नका. सर्व साधनें असूनही त्या दोन शब्दांनीं दार बंद होतें. आणि ज्या मुलानें मला पानिपताविषयीं विचारलें होतें, त्याचें देणें येथें फेडतों: १४ जानेवारी १७६१. पाण्याविषयीं मात्र अद्याप कांहीं सांगवत नाहीं.