अली हरला, कारण तसं शूट केलं होतं

‘अली विरुद्ध मार्सियानो, कोण जिंकलं असतं?’ या वादात कुणीतरी १९७०च्या कॉम्प्युटर-फाइटचा दाखला देतोच. मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो : तो पुरावा नाही. दोघांकडून लुटुपुटूचे राउंड खेळवून घेतले, वेगवेगळे शेवट शूट केले. अमेरिकेत तेराव्या राउंडला मार्सियानोचा नॉकआउट. युरोपात अली विजयी! निकाल पाहायला मार्सियानो जिवंतही नव्हता.

आणि अली असलं नाटक का करत होता? व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला, म्हणून १९६७मध्ये त्याची लायसन्सं काढून घेतली. ऐन उमेदीची साडेतीन वर्षं गेली. ‘असतं तर’ खेळायचंच असेल, तर १९६८चा अली विरुद्ध फ्रेझर घ्या ना. दोघंही धडधाकट, तयार. ती लढत व्हायला १९७१ उजाडलं.