पल्ला सांगता, पॉलिशचं बोला

छोटं रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात कुणावर एक गोळी झाडावी लागत नाही. घाम मात्र रोज येतो. तरी हे हत्यार विकताना सगळी बडबड गोळीचीच. २०२३ साली आलेल्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरचा डंका ५० मीटर पल्ल्याचा. २०१४ च्या ‘निर्भीक’चं कौतुक ५०० ग्रॅम वजनाचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आणि दागिन्याच्या पेटीसारख्या पेटीचं, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. पल्ला कळला, वजन कळलं, पेटीही कळली. कमरेला घाम लागल्यावर वरचं पॉलिश किती दिवस टिकेल, हे कोण सांगणार?

आपल्याकडच्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरवर बहुतांशी काळं ब्लूइंग असतं. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवून त्यावर काळा ऑक्साइड चढवतात. थोडक्यात, तांबडा गंज अडवायला काळा गंज. जाडी जेमतेम एखाद-दोन मायक्रॉन, आणि तो थरही सच्छिद्र. खरी राखण करतं ते त्यात मुरलेलं तेल. तेल गेलं की उरतो नुसता रंग.

माझ्या .३२ चे पहिल्याच पावसाळ्यात हाल झाले. होल्स्टरचं चामडं जिथे घासतं, तिथे सिलिंडरच्या कडा पांढऱ्या पडल्या. मुठीच्या काठाने नारिंगी रेघ धरली. आणि चापाच्या वरच्या अंगाला माझ्याच अंगठ्याचा ठसा, रेषान् रेषा दिसावी असा, गंजाने कोरलेला. विक्रेत्यापुढे ठेवलं, तर म्हणतो, “साहेब, कोकणातली हवाच खारी, त्याला कंपनी काय करणार?” वा रे वा! छत्री गळली की दोष पावसाचा! हवा खारी आहे हे नोटा मोजून घेताना आठवलं नव्हतं?

बरं, याला इलाज नाही असंही नाही. स्मिथ अँड वेसनने स्टेनलेसचं छोटं रिव्हॉल्व्हर, मॉडेल ६०, १९६५ सालीच बाजारात आणलं. घामातलं क्लोराइड स्टेनलेसलाही बोचतं, पण सावकाश. नायट्रायडिंगमध्ये तर नायट्रोजन पोलादाच्या अंगातच जिरवतात, त्यामुळे रंगासारखे पोपडे निघायची भानगडच नाही. चकाकत्या निकेलवर मात्र भाळू नका. ओरखड्यातून अमोनियाचं क्लीनर आत शिरलं आणि खाली तांब्याचा थर असला, तर ते तो खातं, आणि वरचं निकेल पापुद्र्यासारखं सुटतं.

टिकाऊपणा मोजायची सोयही जुनीच आहे. ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा, ३५ अंश तापमान, आणि गंज दिसेपर्यंत किती तास गेले ते मोजायचं. चाकण-भोसरीचा नटबोल्टवालासुद्धा गिऱ्हाइकाला हे तास लेखी देतो. लाखाच्या वर घेणाऱ्या रिव्हॉल्व्हरवाल्यांच्या एकाही माहितीपत्रकात मला ते दिसले नाहीत.

“मालकाने तेल लावावं,” हे ठरलेलं उत्तर. लावतो की! पण निवडणूक आली की अनेकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. तिथल्या कपाटात तेलाचा हात कोण फिरवणार, हवालदार? आणि पॉलिश उडालं म्हणून हत्यार कुठल्याही प्लेटिंगवाल्याकडे टाकता येत नाही. त्याला परवानाधारक दुरुस्तीवालाच लागतो. म्हणजे माल तुमचा, कायदा सरकारचा, आणि गंज तेवढा आमचा.

तेव्हा पल्ल्याच्या बढाया पुरे. लेप कोणता, किती मायक्रॉनचा, फवाऱ्यात किती तास टिकला, होल्स्टरमध्ये किती वेळा काढघाल केल्यावर पोलाद उघडं पडलं, हे पावतीवर लिहून द्या. तेवढी छाती नसेल, तर त्या देखण्या पेटीवर ‘शोभेची वस्तू’ असं छापा आणि किंमतही शोभेच्या वस्तूचीच लावा.