हजेरीबुकात न लागणारी माणसं



या अंकासाठी आलेल्या कवितांत आग भरपूर आहे. असायलाच पाहिजे. ज्याची वस्ती जळाली तो चांदण्यावर कशाला लिहील? पण सगळं बाड वाचून खाली ठेवलं आणि एक गोष्ट खटकली. या कवितांत मारणारे आहेत, मरणारे आहेत, कडेला उभं राहून बघणारे आहेत. कुणाला घोटभर पाणी पाजणारा माणूस मात्र एकही नाही. मग आपण सगळे एवढे मोठे झालो ते कुणाच्या पाण्यावर?

आपल्यात एक खोड पडलीय. चांगुलपणाचं नाव काढलं की पोरं तोंड वाकडं करतात. म्हणतात, हे शेटजीचं काम, पुण्य कमवायला केळी वाटायचं. या चिडीमागं कारण आहे. दया म्हणजे काय ते आपल्या बापजाद्यांनी चाखून बघितलंय. आडावर उभं राहून वरून पाणी ओतायचं, खाली यांनी ओंजळ धरायची. धार तुटली की संपलं. तहान भागायची, पण भागताना माणूस आणखी वाकायचा. दारोदार भाकर मागताना टोपल्यात पडायचे ते शिळे तुकडे. असल्या दयेला लाथच मारली पाहिजे. पण म्हणून माणसानं माणसासाठी केलेलं सगळंच खोटं म्हणायचं? तसं म्हणालो तर आपल्याच लोकांची कमाई आपण उकिरड्यावर फेकतो.

सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला गुलमंडीत उभं राहून बघा. टेम्पोतून माल उतरत असतो. हमालाला अवजड गाठ पाठीवर पेलता येते, पण तीच गाठ त्याला स्वतःच्या पाठीवर स्वतः घेता येत नाही. उचलून द्यायला दुसरा लागतो. मी गोदीत काम करतो, तिथंही हाच कायदा. कंटेनर आले, मोठमोठ्या क्रेन आल्या; तरी जिथं माणसाच्या पाठीवर गोणी यायची तिथं दुसऱ्याचे दोन हात लागतातच. नवा पोरगा आला की जुना माणूस काही न बोलता जड बाजू आपल्याकडं घेतो. मजुरी त्याला तेवढीच. मुकादमाच्या हजेरीबुकात याचा रकाना नाही. खड्ड्यात अडकलेल्या हातगाडीला कुणीतरी जाताजाता मागून रेटा देतो आणि गर्दीत निघून जातो. गाडीवाल्याला त्याचं तोंडही दिसत नाही.

रात्री घाटी दवाखान्याच्या आवारात जा. खेड्यापाड्यांतून पेशंट घेऊन आलेली माणसं चटया टाकून पडलेली असतात. कन्नडची बाई अंबडच्या बाईला म्हणते, "तू जा, दोन घास खाऊन ये, तुझ्या माणसाकडं मी बघते." आडनाव विचारायच्या आधी भाकरी अर्धी होते. ज्या देशात आडनाव विचारल्याशिवाय खोली भाड्यानं मिळत नाही, त्या देशात ही गोष्ट साधी नाही.

कुणाला हे किरकोळ वाटत असेल तर त्यानं इतिहास काढावा. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. माणसं घरच्यांना टाकून पळत होती. सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यात गेल्या आणि पांडुरंग गायकवाड नावाचं आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात आल्या. पोर जगलं. सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई आपण फोटोत लावल्या. पाठीवर पोर घेऊन चालणारी म्हातारी बाई आपल्या कवितेत यायची अजून बाकी आहे.

२० मार्च १९२७. महाडला चवदार तळ्याचं पाणी पिऊन आलेल्या आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या. परगावचे लोक, कुठं जायचं? तेव्हा महाडच्या मुसलमानांनी घरांची दारं उघडली आणि त्यांना आत घेतलं. डिसेंबरात सत्याग्रह परिषदेला गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या माणसानं आपली जागा दिली. ठराव आपल्याला पाठ आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. पण ती दारं उघडली नसती तर त्या रात्री आणखी किती डोकी फुटली असती, याचाही हिशोब मांडा.

आता लगेच दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर भाबडेपणा होईल. १९३४ साली बाबासाहेब आपल्या माणसांबरोबर वेरूळ बघायला निघाले आणि वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. प्रवासाच्या धुळीनं भरलेली माणसं, दारापाशी हौद दिसला, हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटला म्हणत मुसलमानांचा जमाव धावून आला. पुढं त्यांना किल्ल्यात सोडलं ते कुठं पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. गुलमंडीपासून दौलताबाद काही फार लांब नाही. महाडला दार उघडणारे मुसलमान आणि इथं पाणी नाकारणारेही मुसलमान. म्हणजे माणुसकी कुठल्या धर्माच्या, जातीच्या सातबाऱ्यावर चढलेली नसते. त्या त्या वेळी समोरच्या माणसाला ठरवावं लागतं, दार उघडायचं की नाही. ज्यानं उघडलं त्याला आपण लक्षात ठेवलंच पाहिजे, कारण न उघडणं त्याला जास्त सोपं होतं.

याच शहरात बायजीपुऱ्यात डिसेंबर २०१५ मध्ये युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. सभासदानं घरच्या निदान दोन ताज्या पोळ्या आणि भाजी आणून ठेवायची. ज्याला भूक आहे त्यानं यायचं, घ्यायचं, जायचं. तू कोण, कुठला, ते विचारायचं नाही. यातला 'ताज्या' हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. जे आपण खातो तेच समोरच्याला द्यायचं. टोपल्यातला शिळा तुकडा आणि ही ताजी पोळी, यांच्यात जे अंतर आहे तेच दया आणि मैत्री यांच्यात आहे.

पण पोळीनं सगळं भागत नाही. ८ मे २०२० ची पहाट आठवा. टाळेबंदीत कामं बंद पडलेले मजूर जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या घरांकडं रुळांवरून पायी निघाले होते. गाड्या बंद आहेत असं समजून करमाडजवळ रुळांवरच झोपले. मालगाडी आली. थोडं बाजूला बसलेल्या साथीदारांनी ओरडून उठवायची धडपड केली. हाका पोचल्या नाहीत. १६ जण मेले आणि त्यांच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या. त्या महिन्यांत महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर गोरगरिबांनीसुद्धा पायी जाणाऱ्यांना पाणी दिलं, भात दिला, जुन्या चपला दिल्या. पण त्या मजुरांसाठी वेळेवर गाडी सोडणं हे कुठल्या पाणी देणाऱ्या म्हातारीचं काम नव्हतं, सरकारचं होतं. तेव्हा चांगुलपणाचे गोडवे गाऊन कुणी आपला हक्क दाबायला बघत असेल तर त्याला तिथंच अडवा. भाकरी देणाऱ्याचं ऋण माना आणि कामाचा दाम, घरी जायची गाडी, राहायची जागा सरकारकडून मागूनच घ्या.

आणि तरीही नुसत्या हक्कानं चालत नाही, हे आपल्याला बाबासाहेबांनीच सांगून ठेवलंय. १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात ते म्हणाले होते की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, बुद्धाकडून घेतली आहेत. आणि त्यात सगळ्यांत वरची जागा त्यांनी बंधुतेला दिली, कारण बंधुता नसेल तर कायदा एकटा स्वातंत्र्य आणि समता राखू शकत नाही. एवढा कायद्याचा माणूस हे बोलतो तेव्हा आपण थांबून ऐकायला पाहिजे. रात्री दोन वाजता वस्तीवर दगड येतात तेव्हा घटनेचं कलम धावत येत नाही. शेजारी येतो. किंवा येत नाही. तो यावा असं वाटत असेल तर आपणही कुणाच्या तरी दारात वेळेवर गेलेलं असलं पाहिजे.

म्हणून एक करा. ज्या वहीत कविता लिहिता तिच्या एका पानावर कुणी मारलं ते लिहा, नावागावासकट लिहा, घाबरू नका. आणि समोरच्या पानावर कुणी उचलून दिलं ते लिहा. नळाला कित्येक दिवस पाणी नसताना आपल्या हंड्यातला अर्धा हंडा ओतणारी शेजारीण. वसतिगृहात स्वतःच्या कॉटवर गावाकडच्या पोराला वर्षभर झोपू देणारा आणि आपल्या डब्यात त्याला जेवू घालणारा मित्र. गोणीची जड बाजू घेणारा म्हातारा. ती माणसं हयात असतील तर जाऊन त्यांना सांगा की आम्ही ते विसरलो नाही. ती ओशाळतील, म्हणतील, "त्यात काय एवढं?" म्हणू द्या. तुम्ही लिहून ठेवा.