झळाळी आणि विवेक

रविवारची सकाळ. इमारतीच्या आवारात, सावलीच्या बाजूस, लाल रंगाची दोन आसनी स्पोर्ट्स कार उभी आहे. अनेक वर्षांच्या काटकसरीनंतर ती घरात आलेली. दुरून ती आरशासारखी भासते. पण उन्हाची तिरीप बॉनेटवर पडताच कोळिष्टकासारखे बारीक रेषांचे जाळे उमटते. मालकाच्या मनास ते बोचते, आणि आजच्या आज सारे ओरखडे घासून काढण्याचा निश्चय होतो. नेमके येथेच क्षणभर थांबणे हिताचे असते.

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर प्रथम प्राइमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप असतो. त्यास क्लिअर कोट म्हणतात. साऱ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात पारदर्शक लेपाचा वाटा ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या संपत्तीची मर्यादा कळते. उन्हापासून रंगाचे रक्षण हाच लेप करतो. तो एकदा झिजला की पुन्हा रंगकाम करण्यावाचून गत्यंतर नाही.

पॉलिश आणि मेण यांतील भेद म्हणूनच महत्त्वाचा. पॉलिशमधील सूक्ष्म कण लेपाचा पृष्ठभाग किंचित खरवडून सपाट करतात. म्हणजे पॉलिश काहीतरी काढून घेते. मेण मात्र वर एक पातळ आवरण चढवते. मेण वारंवार लावता येते. पॉलिश मोजूनमापूनच करावे.

आरंभ धुण्यापासून करावा, कारण वर्तुळाकार रेषा बहुधा मळक्या फडक्यानेच उमटतात. मोटार थंड असावी, जागा सावलीची असावी. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्याचे स्वच्छ पाणी, आणि धुण्याचा क्रम छतापासून खाली. मग मायक्रोफायबरच्या कापडाने पाणी अलगद टिपावे. तळहात फिरवल्यावर पृष्ठभाग खरखरीत लागला तर पुरेसे वंगण फवारून क्ले बार हलक्या हाताने फिरवावा. हा मातीसारखा गोळा जमिनीवर पडल्यास टाकून द्यावा. त्यात रुतलेला एक खडाही नवे ओरखडे पाडतो.

त्यानंतर एका छोट्या चौकोनात सर्वांत सौम्य पॉलिश करून पाहावे. तेवढ्याने भागले तर अधिक तीव्र पॉलिशला हात लावू नये. नवख्याने फिरता फिरता हेलकावणारे ड्युअल ॲक्शन यंत्र वापरावे. एकाच अक्षावर गरगरणाऱ्या यंत्राने लेप लवकर तापतो. कडा व उभार रेषांवर लेप पातळ असतो, म्हणून तेथे चिकटपट्टी लावावी. प्लास्टिकच्या बंपरवर विशेष जपावे. १९५३ पासून फायबरग्लासचे अंग ल्यालेल्या कॉर्व्हेटसारख्या गाडीवरही तोच नियम, कारण या पृष्ठभागांतून उष्णता पत्र्यासारखी लवकर पसरत नाही. पारदर्शक लेप असलेल्या मोटारीच्या कापडावर मूळ रंग उतरू लागला, तर तो लेप संपल्याचा इशारा समजावा. मॅट रंगाच्या मोटारीस पॉलिश करूच नये.

शेवटी मेण. कार्नोबा हे मेण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून मिळते. सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळणारे हे मेण वनस्पतिजन्य मेणांत अतिशय कठीण मानले जाते. बाजारातील काही मिश्रणांत मात्र मधमाश्यांचे मेणही असते, आणि मोटार पुसण्याचे पारंपरिक ‘शॅमॉय’ हे प्राण्याचे कातडे असते. अहिंसेचा आग्रह स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबत नाही, अशा घराने डब्यावरील घटक वाचावेत, न लिहिलेले असल्यास उत्पादकास विचारावे. पूर्णपणे कृत्रिम सीलंट व मायक्रोफायबरचे कापड हा सोपा पर्याय आहेच. मेणाचा थर अगदी पातळ द्यावा, धूसर झाल्यावर पुसावा. जाड थराने झळाळी वाढत नाही, पुसण्याचे कष्ट तेवढे वाढतात. ऊन-पावसात हे कवच काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकते.

दुपारपर्यंत जाळे बरेचसे निवळते. दारावर एक रेष मात्र उरते. मालक तिच्यावरून नख फिरवतो, ते अडकते. म्हणजे ओरखडा खोल आहे. तो पुरता काढायचा तर भोवतालचा लेप धोकादायक पातळीपर्यंत झिजवावा लागेल. तो यंत्राचा बोर्ड बंद करतो आणि कापड धुवायला घेतो. रेष तशीच राहते. तिच्याभोवतीचा रंग मात्र पुढील अनेक पावसाळ्यांसाठी शाबूत राहतो.